पाच दिवसांच्या आत अख्खं जहाज: हेन्री कायझर यांची गोष्ट

तुमच्या फोनमधली ॲप्स दर आठवड्याला, कधीकधी तर दर दोन दिवसांनी अपडेट होतात. हा वेग आपल्याला आता नवीन वाटत नाही. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे तर सकाळी लिहिलेला कोड संध्याकाळी लोकांच्या हातात असतो. पण हजारो टन वजनाच्या लोखंडी जहाजाच्या बाबतीत असा वेग गाठता येईल का? दुसऱ्या महायुद्धात एका माणसाच्या शिपयार्डने हे करून दाखवलं. कणा टाकल्यापासून जहाज पाण्यात उतरेपर्यंत लागले ४ दिवस, १५ तास आणि २९ मिनिटं.

त्या माणसाचं नाव हेन्री जे. कायझर. जहाजबांधणी हा त्यांचा मूळ धंदा नव्हता आणि त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्रीही नव्हती. शाळा तर त्यांनी तेराव्या वर्षीच सोडली होती. तरीही हा वेग त्यांना कसा जमला? आणि त्यातून काही बिघडलं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं आहे. म्हणूनच ही गोष्ट आजही वाचण्यासारखी आहे.

दुकानातला पोऱ्या ते धरणांचा कंत्राटदार

हेन्रीचा जन्म ९ मे १८८२ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहानशा गावात झाला. आईवडील जर्मनीहून आलेले, वडील चांभारकाम करायचे. तेराव्या वर्षी शाळा सोडून हेन्री कापडाच्या दुकानात कामाला लागला. पुढे फोटोग्राफीचा नाद लागला आणि त्यातूनच त्याने धंदाही उभा केला. किशोरवयात असतानाच त्याची आई वारली. तिला वेळेवर नीट उपचार मिळाले नाहीत, असं कायझर आयुष्यभर सांगत राहिले. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९०६ साली ते देशाच्या पश्चिम टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहरात आले. बेस नावाच्या मुलीशी लग्न करायचं होतं, पण आधी स्वतःच्या पायावर उभं राहून दाखव, अशी तिच्या वडिलांची अट होती. हेन्रीने ती वर्षभरात पूर्ण केली आणि १९०७ मध्ये लग्न झालं. आधी हार्डवेअरच्या दुकानात नोकरी, मग खडी, सिमेंट आणि रस्त्यांची कामं. १९१४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला त्यांनी स्वतःची रस्ते बांधणारी कंपनी काढली.

१९२७ मध्ये क्युबा देशात सुमारे २०० मैल रस्ता आणि ५०० पूल बांधायचं काम त्यांना मिळालं. इतकं मोठं काम एका दमात होत नाही, त्याचे तुकडे पाडावे लागतात, हे त्यांना इथे नीट कळलं असावं. नंतर आलं हूव्हर धरण. सहा कंपन्यांनी एकत्र येऊन हे कंत्राट घेतलं, त्या गटात कायझर होते. धरण ठरलेल्या मुदतीच्या सुमारे दोन वर्षं आधी पूर्ण झालं. त्यानंतर बॉनेव्हिल आणि ग्रँड कूली ही धरणंही त्यांच्या नावावर लागली.

म्हणजे १९४० सालापर्यंत कायझर यांना तीन गोष्टी चांगल्या जमत होत्या: प्रचंड काम लहान भागांत वाटणं, हजारो माणसांना एकाच वेळी कामाला लावणं आणि मुदतीच्या आत काम संपवणं. तेवढ्यात युद्ध पेटलं.

बुडणारी जहाजं आणि एक साधं डिझाइन

ब्रिटनचं अन्न, तेल आणि कच्चा माल समुद्रावरून यायचा. जर्मन पाणबुड्या ती मालवाहू जहाजं बुडवत होत्या, आणि बुडणाऱ्या जहाजांच्या वेगाने नवीन जहाजं बांधणं ब्रिटनला शक्य नव्हतं. १९४० च्या अखेरीस ब्रिटनने अमेरिकेत ६० जहाजांची ऑर्डर दिली. त्यातली ३० बांधायचं काम कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथल्या नव्या शिपयार्डकडे आलं. गंमत म्हणजे ऑर्डर आली तेव्हा ते शिपयार्ड अस्तित्वातच नव्हतं! किनाऱ्यावर चिखल होता. कायझर यांच्या माणसांनी तो बुजवला, वर शिपयार्ड उभं केलं आणि लगेच जहाजं बांधायला घेतली.

या ब्रिटिश डिझाइनमध्ये बदल करून अमेरिकन सरकारने स्वतःचं मालवाहू जहाज ठरवलं. हेच ते प्रसिद्ध लिबर्टी जहाज. लांबी ४४१ फूट, वेग जेमतेम ११ नॉट, म्हणजे ताशी साधारण २० किलोमीटर. आपल्याकडची सायकलही जवळपास तेवढ्याच वेगाने जाते. पोटात मात्र सुमारे १० हजार टन वजन मावायचं.

आता इंजिन बघा. त्या काळात नवीन तंत्रज्ञान होतं स्टीम टर्बाइन. पण लिबर्टीत बसवलं जुन्या पद्धतीचं, पिस्टनवर चालणारं वाफेचं इंजिन. कारण सोपं होतं. टर्बाइन आणि त्यांचे गिअर बनवणारे कारखाने मोजकेच होते आणि ते युद्धनौकांसाठी हवे होते. जुनं इंजिन कुठलाही बरा कारखाना बनवू शकत होता आणि ते चालवायला नवशिक्या खलाशालाही पटकन शिकवता यायचं. आमच्या धंद्यातही अनुभवी लोक हेच सांगतात: चमकदार नवीन टूल हवं तिथेच वापरा, बाकी ठिकाणी ज्याचे गुणदोष सगळ्यांना पाठ आहेत तेच बरं.

वेग आला कुठून?

पूर्वी जहाज असं बांधायचे: उतारावर कणा टाकायचा, त्यावर फासळ्या उभ्या करायच्या आणि मग एकेक पत्रा रिव्हेटने ठोकत जायचं. सगळं काम एकाच जागी, एकामागून एक. पहिलं काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. रिव्हेट मारायला तर तरबेज माणसांची टोळी लागायची. एक जण रिव्हेट तापवणार, दुसरा झेलणार, तिसरा धरणार, चौथा ठोकणार.

कायझर यांच्या शिपयार्डने दोन मोठे बदल केले.

पहिला बदल म्हणजे जहाजाचे मोठमोठे भाग आधीच वेगळ्या जागी तयार करायचे. तळाचा भाग एका शेडमध्ये, वरच्या खोल्या दुसरीकडे, बाजूच्या भिंती तिसरीकडे, आणि सगळं एकाच वेळी. मग मोठ्या क्रेनने उचलून आणायचं आणि जोडायचं. आपण मोठं सॉफ्टवेअर मॉड्यूलमध्ये तोडतो आणि चार टीम चार भाग एकदम लिहितात, तसंच हे. शेवटी फक्त जोडणी उरते.

दुसरा बदल म्हणजे रिव्हेटऐवजी वेल्डिंग. एका माणसाला वेल्डिंग काही आठवड्यांत शिकवता येतं. शिवाय भाग जमिनीवर बनत असल्यामुळे तो उलटा करून ठेवता यायचा, म्हणजे वेल्डरला डोक्यावर हात धरून ठिणग्या झेलत काम करावं लागत नसे. वाकून, खाली बघत केलेलं वेल्डिंग लवकर होतं आणि चांगलंही होतं.

या बदलांमुळे आणखी एक दार उघडलं. ज्यांनी आयुष्यात कधी शिपयार्ड पाहिलं नव्हतं अशी माणसं कामाला आली: शेतकरी, दुकानदार आणि हजारो स्त्रिया. रिचमंडची लोकसंख्या साधारण २४ हजारांवरून काही वर्षांत एक लाखाच्या आसपास गेली. ओरेगनमधल्या कायझर शिपयार्डच्या दाराशी कामगार आयांसाठी चोवीस तास चालणारी पाळणाघरं होती. सगळंच गोड होतं असं नाही. कृष्णवर्णीय कामगारांना काम मिळालं, पण मुख्य युनियनमध्ये जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळ्या, कमी अधिकारांच्या शाखा होत्या, आणि त्याविरुद्ध त्यांना लढावं लागलं.

विक्रमाची शर्यत

बाल्टिमोर इथे बांधलेल्या पहिल्या लिबर्टी जहाजाला, पॅट्रिक हेन्रीला, २४४ दिवस लागले होते. पुढे सगळ्या शिपयार्डांची सरासरी साधारण ४२ दिवसांवर आली. एकूण २,७१० लिबर्टी जहाजं तयार झाली.

कायझर यांनी स्वतःच्याच शिपयार्डांमध्ये चुरस लावून दिली होती. ओरेगनचं शिपयार्ड त्यांचा मुलगा एडगर बघायचा आणि रिचमंडचं क्ले बेडफर्ड. सप्टेंबर १९४२ मध्ये एडगरच्या लोकांनी जोसेफ एन. टील हे जहाज १० दिवसांत पाण्यात उतरवलं. त्या सोहळ्याला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हजर होते. रिचमंडवाले मग गप्प बसतील का? ८ नोव्हेंबर १९४२ ला त्यांनी रॉबर्ट ई. पिअरी या जहाजाचा कणा टाकला आणि १२ नोव्हेंबरला ते पाण्यात तरंगत होतं. आणखी तीन दिवसांनी जहाज पूर्ण तयार!

खरं सांगायचं तर हा प्रसिद्धीसाठी केलेला खेळही होता. भाग आधीच बनवून ठेवले होते, त्यामुळे घड्याळ फक्त जोडणीचं चाललं होतं, आणि हा रोजचा वेग कधीच नव्हता. पण त्या तयारीतून शिकलेल्या युक्त्या रोजच्या कामात उतरल्या आणि ते महत्त्वाचं होतं.

आणि मग तडे गेले

१६ जानेवारी १९४३ ची रात्र. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात स्कनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभं होतं. कायझर यांच्याच स्वान आयलंड शिपयार्डमध्ये बांधलेलं, ताब्यात देऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. वादळ नव्हतं, लाटा नव्हत्या, शत्रू तर हजारो मैल दूर. अचानक प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध तडकलं. फक्त तळाचा पत्रा शिल्लक राहिला. दोन्ही टोकं खाली गेली आणि मधला भाग वर उचलला गेला.

हे एकच जहाज नव्हतं. युद्धकाळात बांधलेल्या वेल्डिंगच्या अनेक जहाजांना लहानमोठे तडे गेले. काही तर समुद्रात दोन तुकडे होऊन बुडाली. नोव्हेंबर १९४३ मध्ये जॉन पी. गेन्स नावाचं लिबर्टी जहाज असंच तुटलं आणि त्यात माणसंही दगावली.

सगळ्यांचं बोट आधी वेल्डिंगकडे गेलं. नवशिकी माणसं आणि घाईचं काम, दुसरं काय होणार? काही ठिकाणी वेल्डिंग खरंच वाईट होतं. पण केंब्रिज विद्यापीठातल्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी खोलात जाऊन दाखवलं की मुख्य दोष स्टीलमध्ये आहे. इतरांच्या तपासातून बाकीच्या गोष्टी पुढे आल्या. एकूण चित्र असं होतं:

१. थंडी. त्या दर्जाचं स्टील ठराविक तापमानाखाली ठिसूळ व्हायचं. चॉकलेट बाहेर ठेवलं तर वाकतं, फ्रीजमधून काढलं तर कट्कन तुटतं, तसंच. स्कनेक्टडी तुटलं ती रात्रही गोठवणारी होती.

२. चौकोनी कोपरे. माल आत सोडायला डेकवर मोठी चौकोनी तोंडं होती. सगळा ताण त्यांच्या कोपऱ्यांवर गोळा व्हायचा. शाम्पूच्या पाऊचला एक बारीक खाच असते बघा, फाडायला सोपं जावं म्हणून. हे कोपरे जहाजासाठी ती खाच ठरत होते.

३. अखंड सांगाडा. रिव्हेटच्या जहाजात एका पत्र्याला तडा गेला तर तो पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा, कारण पुढचा पत्रा वेगळा. वेल्डिंगने सगळे पत्रे एक झाले होते. आता तड्याला थांबवणारी सीमाच नव्हती, तो सरळ जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटायचा.

मला या यादीतली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त शिकवून जाते. जुन्या पद्धतीत एक सुरक्षा फुकट मिळत होती. ती मुद्दाम कुणी ठेवली नव्हती, म्हणून पद्धत बदलताना ती गेली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये हे अगदी असंच होतं. एक सर्व्हर बंद पडतो, त्याच्यावर अवलंबून असलेला दुसरा अडकतो, मग तिसरा, आणि शेवटी तुमच्या फोनवर पेमेंट फिरत राहतं. प्रत्येक भाग आपापल्या जागी ठीक असतो, पण मध्ये तडा अडवणारं काही नसतं.

आणखी एक धक्कादायक गोष्ट त्याच सुमारास उघड झाली. एका मोठ्या स्टील कारखान्यात चाचण्यांचे निकाल खोटे लिहिले जात होते, हे अमेरिकन सेनेटच्या ट्रुमन समितीसमोर आलं. म्हणजे स्टील नापास असलं तरी कागदावर पास! चाचणीच खोटी असेल तर तिच्यावर उभं राहिलेलं सगळंच संशयात येतं.

उपाय मात्र साधे निघाले. चौकोनी कोपरे गोल केले. सांगाड्यावर काही ठिकाणी मुद्दाम फट ठेवून वरून रिव्हेटच्या पट्ट्या ठोकल्या, जेणेकरून तडा आला तर तिथे येऊन थांबावा. पुढच्या वर्षांत जहाजाच्या स्टीलचे नियमही कडक झाले. काम थांबवून सगळं पुन्हा रिव्हेटने बांधायला घेतलं नाही. वेग तसाच ठेवला, फक्त हरवलेली सीमा परत आणली. दुरुस्तीनंतर स्कनेक्टडी १९६२ पर्यंत चाललं.

आणि विक्रमी वेगात बांधलेलं रॉबर्ट ई. पिअरी? ते नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळी माल घेऊन गेलं, युद्ध संपलं तरी चालत राहिलं आणि १९६३ मध्ये भंगारात निघालं. एका जहाजावरून नियम ठरत नाही, हे खरं. पण घाईचं काम म्हणजे वाईटच, असं डोळे झाकून म्हणता येत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

नौदलाचं जहाज आणि मुंबईची गोदी

यातली काही जहाजं थेट अमेरिकन नौदलाने घेतली. रिचमंडला बांधलेलं असंच एक जहाज म्हणजे रेड ओक व्हिक्टरी. हे व्हिक्टरी प्रकारातलं, म्हणजे लिबर्टीची सुधारलेली आणि जास्त वेगवान आवृत्ती. नोव्हेंबर १९४४ मध्ये पाण्यात उतरलं, डिसेंबरमध्ये नौदलात दाखल झालं आणि प्रशांत महासागरात युद्धनौकांना दारूगोळा पुरवत फिरलं. पोटात स्फोटकं भरून समुद्रात फिरायचं काम किती जोखमीचं असतं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ज्या फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, ते कॅनडात बांधलेलं होतं. कायझर यांचा त्याच्याशी संबंध नाही. पण ज्या ब्रिटिश डिझाइनवरून रिचमंडची पहिली ३० जहाजं आणि पुढे लिबर्टी निघाली, त्याच घराण्यातलं ते जहाज. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरल्या होत्या. शेकडो माणसं गेली, आसपासची वस्ती जळाली. जहाज तडकलं नव्हतं, तिथे चूक माल भरण्यातली होती. पण प्रश्न तोच: एका जागी लागलेली आग दुसरीकडे पोहोचू नये म्हणून मध्ये काय ठेवलं होतं? उत्तर होतं, काहीच नाही. त्या आगीत प्राण दिलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

जे टिकलं ते वेगळंच

युद्ध संपलं आणि रिचमंडची चार शिपयार्ड बंद झाली. त्यांनी ७४७ जहाजं बांधली होती. कायझर तोवर ६३ वर्षांचे झाले होते. त्यांनी मोटारींचा कारखाना काढला, पण डेट्रॉईटच्या मोठ्या कंपन्यांपुढे तो टिकला नाही. १९५३ मध्ये त्यांनी जीप बनवणारी विलीज कंपनी विकत घेतली. मुंबईत महिंद्रा १९४७ पासून ज्या विलीज जीप जोडत होती, ती ही कंपनी. जमशेदपूरच्या टाटा स्टीलचा १९५० च्या दशकातला मोठा विस्तार कायझर यांच्या इंजिनिअरिंग कंपनीने केला, आणि रेणुकूटच्या हिंडाल्को ॲल्युमिनियम कारखान्यात बिर्लांसोबत कायझर यांची कंपनी भागीदार होती.

पण आज अमेरिकेत कायझर हे नाव घेतलं की लोकांना यातलं काहीच आठवत नाही. त्यांना आठवतो दवाखाना. सिडनी गारफिल्ड नावाचे एक डॉक्टर १९३३ पासून वाळवंटात कालव्याच्या कामगारांवर उपचार करायचे, तेही आधीच घेतलेल्या रोजच्या काही सेंटच्या वर्गणीतून. कायझर यांनी त्यांना आधी ग्रँड कूली धरणावर आणि मग रिचमंडच्या शिपयार्डमध्ये आणलं. आठवड्याला ५० सेंट भरायचे आणि आजारी पडलं तर उपचार मिळायचे. आजार वाढायच्या आत माणूस डॉक्टरकडे आला तर सगळ्यांचाच फायदा, हा हिशोब. आईचा मृत्यू विसरू न शकलेल्या माणसाला तो पटला यात नवल नाही. १९४५ मध्ये ही योजना सर्वसामान्य लोकांसाठी खुली झाली. कायझर पर्मनेन्टे या नावाने ती आजही चालू आहे आणि तिचे एक कोटीहून जास्त सभासद आहेत.

कायझर यांचं शेवटचं दशक हवाई बेटांवर हॉटेलं आणि वसाहती बांधण्यात गेलं. २४ ऑगस्ट १९६७ रोजी होनोलुलूला, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. रेड ओक व्हिक्टरी मात्र अजून आहे. १९९८ मध्ये ते रिचमंडला परत आणलं गेलं आणि आता तिथे संग्रहालय म्हणून उभं आहे.

मला वाटतं, कायझर यांच्याकडून घ्यायची गोष्ट "लवकर करा" ही नाही. त्यांनी माणसांना जास्त जोरात पळवून वेग मिळवला नाही, कामाची मांडणी बदलून मिळवला. तडे गेले तेही वेगामुळे कमी आणि न तपासलेल्या गृहीतकांमुळे जास्त: स्टील थंडीतही तसंच वागेल, कोपरा चौकोनी असला तरी चालेल, तडा आपोआप थांबेल. तुम्ही उद्या ॲप बनवा, पूल बांधा नाहीतर घरगुती व्यवसाय सुरू करा. काम लवकर होण्यासाठी जुन्या पद्धतीतलं काही काढून टाकताना फक्त एक विचारा: हे इथे असल्यामुळे काय थांबत होतं?